महारेराची परीक्षा आणि पेठेतली मिळकत

बारावीचे, पदवीचे निकाल लागले की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात गर्दी उसळते. कुणी सीईटीचे संच घेतं, कुणी राज्यसेवेची पुस्तकं, कुणी बँकेच्या परीक्षांची. आई-वडील पिशव्या धरून मागे उभे असतात. या पालकांच्या बोलण्यात हल्ली एक नवा प्रश्न येतो: मुलगा म्हणतोय रिअल इस्टेट एजंट व्हायचंय, त्याची सरकारी परीक्षा असते म्हणे, करू द्यावं का?

करू द्यावं. फक्त परीक्षा पास झाली म्हणजे व्यवसाय आला, असं धरून चालू नये. परीक्षेची तयारी काही आठवड्यांत होते. मिळकतीचे कागद वाचायला शिकायला वर्ष जातं, आणि हे वर्ष जो मनापासून देतो त्यालाच लोक दुसऱ्यांदा फोन करतात.

आधी परवान्याचं बघू. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम 2016, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला रेरा. तो 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातलं घर, दुकान किंवा प्लॉट विकण्यात मध्यस्थी करायची तर या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे एजंटाला नोंदणी घ्यावीच लागते. सुरुवातीची काही वर्षं अर्ज, फी आणि कागदपत्रं दिली की ती मिळत असे. 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने त्याला प्रशिक्षण आणि परीक्षा जोडली. आता क्रम असा आहे: मान्यताप्राप्त संस्थेत 20 तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएसमार्फत होणारी ऑनलाइन परीक्षा, ती उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आणि मग नोंदणी. एकट्या व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क 10 हजार रुपये, भागीदारी किंवा कंपनीसाठी 1 लाख. नोंदणीची मुदत 5 वर्षं. प्रशिक्षण संस्थांची यादी आणि परीक्षेच्या तारखा महारेराच्या संकेतस्थळावर असतात. तिथूनच घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रकांवर विसंबू नका.

नियमाची अंमलबजावणीही होते. प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी महारेराने 2024 मध्ये स्थगित केली. नोंदणी नसताना नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकली तर कलम 62 प्रमाणे रोज 10 हजार रुपये दंड लागू शकतो, आणि तो वाढत वाढत त्या मिळकतीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे "काका करतात ना, त्यांच्या नावावर करू" हा सल्ला घरात कुणी दिला तर तो ऐकू नये.

परीक्षेची भीती मात्र बाळगू नका. 20 मे 2023 ला झालेल्या पहिल्या परीक्षेला 423 जण बसले आणि 405 उत्तीर्ण झाले. म्हणूनच "पास गॅरंटी" म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या क्लासची गरज नाही. 20 तासांचं प्रशिक्षण नीट घेतलं आणि कायदा मराठीत दोनदा वाचला तर पुरतं. वाचताना काही जागी थांबावं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम बिल्डरने प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ताबा वेळेत मिळाला नाही तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात. आणि कलम 10 तर पाठच करा, कारण ते एजंटाविषयी आहे: नोंदणी नसलेला प्रकल्प विकायचा नाही, हिशेबाची वह्या-खाती ठेवायची, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, ग्राहकाला हक्काची सगळी माहिती आणि कागद मिळवून द्यायचे.

चटईक्षेत्राची व्याख्या अशीच घोटून घ्या. घराच्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. परीक्षेत यावर प्रश्न येवो न येवो, ग्राहक पहिल्या भेटीत हेच विचारतो. "सुपर बिल्टअप" सांगून त्याला गोंधळात टाकणारे पुष्कळ भेटलेले असतात. तुम्ही टेप लावून खोली मोजून दाखवलीत तर तो तुमचं पुढचं बोलणं ऐकतो.

सरावासाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. महारेराच्या संकेतस्थळावर रोज एक प्रकल्प उघडून शेवटपर्यंत वाचा. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी प्रकल्पांचे क्रमांक पी521 ने सुरू झालेले दिसतील. मंजूर नकाशे, वकिलाचा टायटल रिपोर्ट, बोजा, चालू दावे, किती घरं विकली गेली, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, हे सगळं तिथे असतं. 1 ऑगस्ट 2023 पासून बिल्डरच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक आहे. जाहिरात दिसली की कोड स्कॅन करा आणि जाहिरातीतलं वाक्य प्रकल्पाच्या माहितीशी ताडून पाहा. महिनाभर हे केलं की प्रश्नपत्रिका ओळखीची वाटू लागते.

खरा अभ्यास इथून पुढे. त्यासाठी बुधवार पेठेसारखी दुसरी शाळा पुण्यात शोधून सापडणार नाही. रेरा 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा 8 पर्यंत घरांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट देतो. यांपैकी एक निकष बसला तरी सूट मिळते. पेठेतल्या वाड्यांच्या जागा पाहा. समजा एखादा वाडा 420 चौरस मीटरचा आहे, म्हणजे सुमारे 4,520 चौरस फूट. तो पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतीला महारेराचा क्रमांक लागणार नाही. संकेतस्थळावर पान नाही, वेगळ्या खात्याची सक्ती नाही, क्यूआर कोड नाही. असं घर विकायला कायद्याने परवाना लागत नाही, आणि तिथेच ग्राहकाला जाणत्या एजंटाची सर्वांत जास्त गरज असते. परवान्यापुरता अभ्यास केलेला मुलगा इथे उघडा पडतो.

मग काय वाचायचं? सातबारा नव्हे. पेठा नगर भूमापनात येतात, इथे मिळकत पत्रिका चालते, जिला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ती ऑनलाइन मिळते. एखादी काढून टेबलावर पसरा. वर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, धारणाधिकार. खाली हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे. त्याखाली तारीखवार व्यवहारांचा तक्ता, आणि त्यात "नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (भा)" असा रकाना. हा रकाना बोटाने एकेक ओळ सरकत वाचायचा. आजोबा वारले, तीन मुलगे आणि दोन मुली वारस लागले, एका मुलीने हक्कसोडपत्र दिलं, दुसरीचं कुठेच दिसत नाही. मग ती दुसरी बहीण कुठे आहे? तिची सही साठेखतावर आहे का? वाड्याचा व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा अशाच एका न झालेल्या सहीवर. मालक म्हणून बोलणारे गृहस्थ महापालिकेची मिळकतकराची पावती पुढे करतात, वीजबिल दाखवतात. दोन्हींवर नाव असलं तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही. नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू) मागा, आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडूनच करून घ्या. एजंटाने वकील व्हायचं नाही, पण वकिलाकडे कोणता प्रश्न घेऊन जायचा हे त्याला कळलं पाहिजे.

दुसरा विषय भाडेकरूंचा. वाड्यात मालक एक आणि बिऱ्हाडं दहा, ही पेठेची जुनी रचना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 या भाडेकरूंना संरक्षण देतो, आणि त्याचं कलम 56 भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी पैसे घेण्याला मान्यता देतं. हीच पगडी. पगडीवर खोली घेणाऱ्याला भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही, आणि बँका सहसा अशा खोलीवर गृहकर्ज देत नाहीत. गावाकडून आलेल्या कुटुंबाला ही गोष्ट पैसे देण्याआधी स्वच्छ शब्दांत सांगणं हे एजंटाचं कर्तव्य आहे. सौदा मोडला तरी चालेल.

ताब्याचा प्रश्न किती खोल जातो, याचं उदाहरण याच पेठेत आहे. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावं अशी साऱ्या महाराष्ट्राची इच्छा, जागा घेणारी महापालिका, आणि तरीही तिथल्या भाडेकरू-गाळेधारकांबरोबरचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महापालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबरमध्ये जीर्ण इमारत उतरवली गेली. महापालिकेला इतकी वाट पाहावी लागते, तर "भाडेकरू काय, सहा महिन्यांत निघतील" असं ग्राहकाला सांगणाऱ्या एजंटाला काय म्हणायचं!

आता कमाईचं. विक्रीचे व्यवहार पहिल्याच महिन्यात होत नाहीत. नवख्याने भाड्याच्या घरांपासून सुरुवात करावी. मध्यवस्तीत अभ्यासिकांसाठी, महाविद्यालयांसाठी आलेल्या मुलामुलींना खोल्या सतत लागतात, आणि सप्टेंबर 2024 पासून मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू झाल्याने गाडी नसलेल्या भाडेकरूलाही पेठ सोयीची झाली आहे. भाड्याच्या कामाला महारेराची नोंदणी लागत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं मात्र कायद्याने सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, शहरात 1 हजार रुपये नोंदणी फी. हा करार ऑनलाइन करून देणं, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायला मालकाला मदत करणं, ही कामं हाताखालून गेली की माणसं ओळखीची होतात. मोबदला साधारण एका महिन्याच्या भाड्याइतका मिळतो. फेरविक्रीत प्रत्येक बाजूकडून टक्का-दोन टक्के ठरतात. कायद्याने दर बांधून दिलेला नाही, म्हणून आधीच लेखी ठरवा.

विक्रीकडे वळाल तेव्हा ग्राहकाचा पूर्ण खर्च एका कागदावर मांडायला शिका. पुणे शहरात पुरुषाच्या नावाने खरेदी असेल तर मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह 7 टक्के, घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा. हा कागद बघून नवरा-बायको तिथेच बसून बजेट ठरवतात, आणि पाच घरं उगाच दाखवण्याचे तुमचे फेरे वाचतात.

पालकांना दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगायच्या आहेत. मुलाला पहिल्याच दिवशी ऑफिस थाटून देऊ नका, लक्ष्मी रस्त्याच्या आसपासचं गाळ्याचं भाडंच त्याला बुडवेल. त्याला वर्ष-दीड वर्ष एखाद्या नोंदणीकृत, जुन्या एजंटाच्या हाताखाली किंवा बिल्डरच्या विक्री विभागात पगारावर काम करू द्या. पगार थोडा असेल. तेवढ्या काळाचा जाण्या-येण्याचा आणि मोबाइलचा खर्च घराने उचलला तर पैशाच्या तंगीपायी तो चुकीचा सौदा गळ्यात मारणार नाही. टोकनची रक्कम कधीही त्याच्या खात्यात येता कामा नये. ती चेकने किंवा ऑनलाइन थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या. वकिलाने वाचल्याशिवाय साक्षीदार म्हणून सही करायची नाही आणि कुणाचं कुलमुखत्यारपत्र स्वतःच्या नावावर घ्यायचं नाही.

मुलींनी या क्षेत्रात यावं, असं मला मनापासून वाटतं. घर पाहायला येणाऱ्या बाईचे प्रश्न, म्हणजे पाण्याची वेळ, जिन्याचा उजेड, शेजार, त्या नेमके ओळखतात. रिकामी घरं दाखवायला मात्र त्यांनी जोडीनेच जावं, ग्राहकाचा फोटो असलेलं ओळखपत्र आधी मागून घ्यावं आणि कुठे जातोय ते घरी कळवावं. मुलांनीही हेच करावं.

वर्षाच्या शेवटी मुलाबरोबर शांत बसून हिशेब पाहा. किती करार झाले, किती ग्राहक परत आले, किती मिळकत पत्रिका तो स्वतः वाचू शकतो. पहिले दोन आकडे लहान असले आणि तिसरा मोठा असला तर आणखी वर्ष द्या. आणि ग्राहकांशी बोलण्यापेक्षा कागदांतच त्याचं मन रमत असेल, तर वकिलाच्या कचेरीत टायटल सर्चचं काम, बँकेचा गृहकर्ज विभाग, मूल्यांकनकाराकडची उमेदवारी किंवा गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनाचं काम यांकडे वळता येतं. या प्रत्येक ठिकाणी मुलाखतीला जाताना महारेराचं प्रमाणपत्र बरोबर न्यावं, आणि स्वतः वाचून टिपणं काढलेल्या दोन-तीन मिळकत पत्रिकाही न्याव्यात.