लतामंडप : आधाराचा आणि मुळाचा धडा

दर्शन व प्रदक्षिणा आटोपून भाविक देवालयाच्या उद्यानात विसावतात, तेव्हा त्यांच्यावर सावली धरतो तो लतामंडप. वृक्ष स्वतःच्या बळावर उभा राहतो. वेलीपाशी ते बळ नसते. जाड खोड घडविण्याऐवजी ती आपली शक्ती उंची गाठण्यात आणि पाने-फुले धरण्यात वेचते. म्हणून तिला आधार लागतो. हा आधार ती कसा घेते, हे पाहणे मोठे बोधप्रद आहे.

आधाराच्या रीती

गोकर्ण आणि गुळवेल आपल्या खोडाचेच वेढे आधाराभोवती घालतात. कृष्णकमळाच्या पानांच्या बगलेतून नाजूक तणावे फुटतात. तणाव्याचे टोक काठीला लागले की ते तिच्याभोवती वळते आणि मग उरलेला भाग मळसूत्राप्रमाणे गुंडाळला जाऊन वेल आधाराजवळ ओढली जाते. हे वेटोळे वाऱ्याच्या झोताबरोबर लांबते, आखडते. म्हणून वेल सहसा तुटत नाही. नागवेल पेरांपाशी फुटणाऱ्या मुळ्यांनी आधार धरते. वेलींच्या या हालचालींनी चार्ल्स डार्विन यांनाही मोहविले. १८६५ साली त्यांनी या विषयावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला.

फुलांचे वैभव

मधुमालतीचे फूल सायंकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी होते व शेवटी लाल. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग नांदतात. कृष्णकमळ मूळचे दक्षिण अमेरिकेतील. तरी येथील भाविकांनी ते आपलेसे केले. भोवतीचे तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि वरचे तीन भाग म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, असे लोक मानतात. निळी गोकर्ण शिवपूजेत वाहतात. तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून जमिनीचा कस वाढवितात.

आधार आणि मूळ

या वेली आधार घेतात, पण अन्न आपल्याच मुळांनी आणि पानांनी मिळवितात. अमरवेलीचे तसे नाही. एकदा झाडाला धरले की तिचे जमिनीतील मूळ सुकून जाते आणि ती त्या झाडाच्या रसावरच जगते. दोघींनाही आधार हवा असतो. अंतर आहे ते मुळाचे. भक्तानेही देवाचा आणि संतांचा आधार जरूर घ्यावा. परंतु आपले मूळ आपल्या कर्तव्याच्या मातीत घट्ट ठेवावे, हाच या मंडपाचा उपदेश होय.

भाविकांस विनंती

वेलीचा विस्तार कितीही मोठा असला, तरी त्याचा प्राण बहुधा बुंध्याच्या एका बारीक खोडात असतो. तेथे दोरा आवळला, साल सोलली वा घाव पडला, तर वर्षानुवर्षे वाढलेला मंडप काही दिवसांत सुकू शकतो. घरातील आजाऱ्यासाठी गुळवेलीचा तुकडा न्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात अपायकारक ठरू शकते, याकडे आयुष मंत्रालयाने २०२२ साली लक्ष वेधले होते. म्हणून औषध वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. उद्यानातील वेल कापू नये. दानशूर भक्तांनी नवा मंडप अर्पण करताना त्याच्या पाण्याची व वार्षिक छाटणीचीही तरतूद करावी. मंडप एका दिवसात उभा राहतो. वेलीला मात्र अनेक ऋतूंची निगा लागते.

कालिदासाच्या शकुंतलेला अलंकारांची आवड होती, तरी स्नेहापोटी ती आश्रमातील वृक्षांची पालवी खुडत नसे. सासरी निघताना तिने वनज्योत्स्ना या आपल्या लाडक्या वेलीचाही निरोप घेतला. येथून परतणाऱ्या भाविकांनीही वेलीवरचे फूल वेलीवरच राहू द्यावे. मागून येणाऱ्या यात्रेकरूसाठी तोच प्रसाद होय.