यकृतावरील वण : विषाणू गेल्यानंतर काय?

यकृताचा आजार म्हटला की लोकांच्या मनात प्रथम मद्याचीच शंका येते. ज्या घरांत मद्याचा थेंबही शिरत नाही, अशा आपल्या बरकतपुऱ्यातील कुटुंबांतून म्हणूनच हे दुखणे लज्जेपोटी झाकले जाते. ही लज्जा निराधार होय. हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तावाटे पसरतो. पुन्हा वापरलेली सुई, तपासणीवाचून दिलेले रक्त, रक्ताने दूषित झालेला वस्तरा यांतून तो शरीरात शिरतो. एका पंगतीस जेवल्याने लागत नाही. त्याचा शोधच मुळी १९८९ साली लागला. त्यापूर्वी ज्यांनी रक्त घेतले, त्यांस दोष कसा द्यावा?

हा विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने वास करतो. त्याने होणाऱ्या दाहामुळे यकृतातील काही पेशी तंतू निर्माण करतात. फाटलेल्या कापडास रफू करावे तसा हा प्रकार. परंतु टाकेच फार झाले म्हणजे मूळ पोत उरत नाही. त्या अवस्थेस सिऱ्होसिस म्हणतात.

सोफोसबुव्हिर हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्य झाले. तेथे १२ आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१५ साली आपल्या हैदराबादच्याच नॅटको व हेटेरो या कंपन्यांनी ते भारतात पुष्कळच स्वस्त दरात आणले. आणि २८ जुलै २०१८ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने सरकारी केंद्रांत हा उपचार विनामूल्य केला. जोडीच्या औषधासह गोळ्या पूर्ण घेतल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू न आढळल्यास रोग बरा झाला असे मानतात. १०० पैकी ९०हून अधिक रुग्ण या कसोटीस उतरतात.

मग वणांचे काय? मूळ कारण दूर झाले की यकृत ते तंतू हळूहळू विरघळवू लागते. सौम्य वण पुष्कळदा ओसरतात. सिऱ्होसिसही काहींचा मागे हटतो, सर्वांचा नव्हे. यास वर्षे लागतात. यकृताचा कठीणपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा लवकर उतरतो खरा. परंतु त्यातील काही उतार दाह शमल्याचा असतो, वण गेल्याचा नव्हे.

येथेच व्यापारी मनुष्य चुकतो. कर्ज फिटले की वही मिटावी, हा त्याचा स्वभाव. परंतु ज्यास सिऱ्होसिस झाला होता, त्यास विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका काही अंशी राहतोच. आकडा कितीही सुधारो, दर ६ महिन्यांची सोनोग्राफी त्याने चुकवू नये. बैठे काम, मिठाई, वाढते वजन व मधुमेह यांमुळे यकृतात चरबी साचून नवे वण पडतात, हेही ध्यानी धरावे.

सभासद बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती, की ज्यांनी पूर्वी कधी रक्त घेतले असेल किंवा जे डायलिसिसवर असतील, त्यांनी एकदा रक्ततपासणी करावी. आणि जे बरे झाले, त्यांनी आपली वही उघडीच ठेवावी.