मित्रवाचक अनौपचारिक संबोधने : एक टिपण

‘मित्र’ हा शब्द मराठीत जितका प्रतिष्ठित, तितकाच तो मित्राशी बोलताना निरुपयोगी आहे. ‘तो माझा मित्र आहे’ असे आपण तिऱ्हाइताला सांगतो. पण प्रत्यक्ष हाक मारताना ‘गड्या’, ‘लेका’, ‘यार’, ‘भावा’ असे काहीतरी तोंडी येते. ‘मित्रहो’ तर व्यासपीठावरच शोभते. निर्देशाचा शब्द आणि संबोधनाचा शब्द यांतील हे अंतर प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

या शब्दांचे मूळ पाहू लागले की तीन क्षेत्रे ठळकपणे दिसतात. पहिले खेळाचे. ‘भिडू’ म्हणजे खेळातील जोडीदार. ‘गडी’ म्हणजे खेळाडू, आणि क्रिकेटच्या वृत्तांतात आजही ‘गडी बाद’ होतो. काल्याच्या अभंगांतील कृष्णाचे ‘सवंगडी’ याच कुळातले. ‘भिडू’ पुढे मुंबईच्या हिंदीने उचलला आणि चित्रपटांमुळे तो देशभर पोहोचला.

दुसरे क्षेत्र सहवासाचे. ‘सोबती’मागे अरबी ‘सोहबत’ आहे. ‘दोस्त’ व ‘यार’ हे फारसी. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. तरीही ‘दोस्त’ आणि ‘यार’ टिकून राहिले. कचेरीची भाषा ठरवून बदलता येते. जिव्हाळ्याच्या भाषेवर तसा अंमल चालत नाही.

तिसरे क्षेत्र नात्याचे. ‘लेका’ हे वस्तुतः पुत्राचे संबोधन. परंतु समवयस्कांत त्यातील वडीलकी गळून पडते. ‘साल्या’ ही परक्याच्या तोंडी शिवी, तर मित्राच्या तोंडी सलगी. अर्थ येथे शब्दात नसून बोलणाऱ्यांच्या संबंधात आहे, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

इंग्रजीशी तुलना उद्बोधक ठरते. ‘मेट’च्या मुळाशी एकत्र अन्न खाणारा हा अर्थ आहे, ‘चम’ हा बहुधा खोलीतील सोबत्यासाठी विद्यार्थ्यांनी वापरलेल्या शब्दाचा संक्षेप. ‘पॅल’ मात्र रोमानी भाषेतून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा, आणि तिच्यातील तो शब्द ‘भाऊ’ या अर्थाचा. म्हणजे ‘भ्रातृ’पासून निघालेला ‘भावा’ आणि इंग्रजी ‘पॅल’ हे दूरचे सगोत्र होत. आजच्या महाविद्यालयीन तरुणांचा ‘ब्रो’ही मूळ त्याच इंडो-युरोपीय घराण्यातला. त्याचा उपहास करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

स्त्रियांच्या संबोधनांकडे तर अभ्यासकांचे लक्ष आणखीच कमी गेले आहे. ओव्यांतील ‘गडणी’ आज बोलण्यातून जवळजवळ लोपली. ‘बाई’, ‘बये’ ही मात्र वडीलधाऱ्या स्त्रीप्रमाणेच बरोबरीच्या सखीलाही चालतात.

या प्रश्नाला एक सामाजिक बाजू आहे. पाताळगंगेकाठचे, पनवेल-रोहे लोहमार्गावरील आपटा हे गाव घ्या. या परिसरात आगरी आणि कातकरी बोली नांदतात. आगरीतील ‘दादूस’ हा थोरल्या भावाचा शब्द आपुलकीची हाक म्हणूनही वापरला जातो. हाच शब्द रंगमंचावर वा पडद्यावर आला की पुष्कळदा हशा पिकविण्यासाठी येतो. जी हाक घरी मायेची, तीच बाहेर गावंढळ ठरली, तर विद्यार्थी ती वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवून येतो. आणि पुढच्या पिढीत ती घरातूनही जाते.

म्हणून अशा शब्दांची केवळ अर्थासह यादी करणे पुरेसे नाही. कोण, कोणाला, कोणाच्या देखत आणि कोणत्या सुरात हाक मारतो, हे नोंदविले पाहिजे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील अशा दहा हाका जरी या रीतीने टिपल्या, तरी कोशाला न मिळालेली सामग्री हाती येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपली बोली अभ्यासाला योग्य आहे, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.