धर्माच्या उंबरठ्यावरील यातुविद्या

धर्म म्हटला की ईश्वर, उपासना, नीती आणि मोक्ष हे शब्द आपल्यासमोर उभे राहतात. मंत्रतंत्र, करणी, वशीकरण, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, अंगात येणे यांचा विषय निघाला की सुशिक्षित माणूस 'हा धर्म नव्हे' असे म्हणून मोकळा होतो. परंतु धर्माचा इतिहास पाहू लागले की ही विभागणी इतकी सोपी राहत नाही. जगातील बहुतेक धर्मांच्या घरात यातुविद्येचा वावर आहे. फार तर ती देवघरात नसेल, उंबरठ्यावर असेल. ती तेथे का टिकून राहिली आणि धर्मातील श्रेष्ठ पुरुषांनी तिला कोणते स्थान दिले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ पुस्तकी नाही. साप चावलेल्या माणसाला आधी कोठे न्यावयाचे, हे आजही काही घरांत याच्याच उत्तरावर ठरते.

यातू आणि प्रार्थना

सर जेम्स फ्रेझर या स्कॉटिश अभ्यासकाने 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध केला. यातूमागे दोन समजुती असतात, असे त्याने दाखविले. पहिली सादृश्याची : शत्रूची बाहुली करून तिला टाचणी टोचली की शत्रूला वेदना होते. दुसरी संसर्गाची : एकदा अंगाचा भाग असलेल्या वस्तूचा अंगाशी संबंध कायम राहतो. कापलेली नखे आणि विंचरलेले केस कोठेही टाकू नयेत, असे आपल्या आजीबाई सांगत, त्यामागे हीच दुसरी समजूत आहे. फ्रेझरच्या मते यातू करणारा शक्तीला हुकूम सोडतो, तर धार्मिक मनुष्य देवाची विनवणी करतो. आधी यातू, मग धर्म आणि शेवटी विज्ञान, असा मानवी बुद्धीचा क्रमही त्याने लावला.

हा क्रम आपल्या अथर्ववेदाला लावून पाहिला तर अडचण येते. वीस कांडांच्या या संहितेत रोग घालविण्याचे, प्रेम मिळविण्याचे, सवतीला दूर करण्याचे, शत्रूचा नाश करण्याचे मंत्र आहेत. त्याच संहितेच्या बाराव्या कांडात पृथ्वीला माता मानणारे उदात्त भूमिसूक्तही आहे. पाचव्या कांडात 'तक्मन्' म्हणजे ताप याला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात तापाला नमस्कार केलेला आहे आणि दूर बाल्हिकांच्या देशात चालता हो, असे बजावलेलेही आहे. विनवणी आणि हुकूम ही दोन्ही एकाच सूक्तात नांदतात. तेव्हा यातू ही धर्माची मागे पडलेली पायरी आहे असे म्हणण्यापेक्षा दोन्ही एकाच अंगणात वाढली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

यातू का टिकते?

या प्रश्नाचे एक उत्तर ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळील ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. तेथील लोक खाडीच्या संथ पाण्यात मासेमारी करीत तेव्हा कोणताही मंत्रविधी करीत नसत; तेथे धोका नव्हता आणि मासळी हमखास मिळे. खुल्या समुद्रात जाताना मात्र ते विस्तृत विधी करीत. ज्ञान आणि कौशल्य जेथे अपुरे पडते आणि जिवाची धास्ती असते, तेथे मनुष्य यातूकडे वळतो, असा निष्कर्ष त्याने काढला. ट्रोब्रिअँडचा नावाडी काही मूर्ख नव्हता. होडी कशी बांधावी हे त्याला उत्तम कळत होते. वादळ त्याच्या हातात नव्हते.

दुसरे उत्तर इव्हान्स-प्रिचर्ड या अभ्यासकाच्या १९३७ सालच्या ग्रंथात मिळते. आफ्रिकेतील अझांदे लोकांत उन्हाच्या वेळी धान्याच्या कोठाराखाली सावलीला बसण्याची पद्धत होती. कधी कोठार कोसळून माणसे जखमी होत. खांब वाळवीने पोखरला होता, हे अझांद्यांना ठाऊक असे. त्यांचा प्रश्न पुढचा होता : नेमकी हीच माणसे खाली बसली असताना, नेमके त्याच क्षणी ते का कोसळले? याचे उत्तर ते चेटूक असे देत. म्हणजे 'कसे घडले' हे ज्ञान सांगते. 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाला यातू उत्तर देते. तरुण मुलगा अकस्मात गेलेल्या आईबापांना वैद्यकीय दाखला वाचून दाखविला, तरी हा दुसरा प्रश्न शिल्लकच राहतो.

मात्र येथेच धोक्याची जागा आहे. यातूच्या उत्तराला नेहमी एक गुन्हेगार लागतो. दुःख आले याचा अर्थ कोणी तरी करणी केली. आणि करणी केली तर ती कोणी केली, हे शोधावे लागते. मग गावातील एखादी एकटी विधवा किंवा वृद्धा डाकीण ठरते. 'माझ्याच वाट्याला का' हा खरा आणि करुण प्रश्न अशा रीतीने दुसऱ्या एका दुबळ्या जिवावर जाऊन आदळतो.

सिद्धीसंबंधी श्रेष्ठांचे मत

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपल्या परंपरेतील श्रेष्ठांनी अलौकिक शक्ती सरसकट नाकारल्या नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद 'विभूतिपाद' याच नावाने ओळखला जातो. परचित्तज्ञान, अंतर्धान, आकाशगमन, अणिमादी सिद्धी यांचे त्यात वर्णन आहे. परंतु त्याच पादात पतंजली स्पष्ट सांगतात की, व्यवहारात ज्यांना सिद्धी म्हणतात ते समाधीच्या वाटेवरील अडथळे आहेत. पुढे या सिद्धींविषयीही वैराग्य आल्यावरच कैवल्य मिळते, असे ते म्हणतात.

भगवान बुद्धांची भूमिका याहून कडक होती. विनयपिटकात एक कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगून, जो ऋद्धिबळाने ते काढील त्याला ते मिळेल, असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज या भिक्षूने आकाशमार्गाने जाऊन ते घेतले. लोकांनी जयजयकार केला. बुद्धांनी मात्र त्याची कठोर निर्भर्त्सना केली, पात्र फोडावयास लावले आणि गृहस्थांसमोर असे चमत्कार दाखविण्यास भिक्षूंना मनाई केली. अंगी नसलेल्या अलौकिक सिद्धीचा जाणूनबुजून दावा करणाऱ्या भिक्षूला तर संघात स्थान नाही. दीघनिकायातील केवट्टसुत्तात नालंदेचा एक गृहस्थ विनंती करतो की, भिक्षूंनी चमत्कार दाखवावेत म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध सांगतात की, न मानणारा मनुष्य त्याला 'गांधारी विद्या' म्हणून बाजूला सारील. चमत्कार तीन प्रकारचे : ऋद्धीचा, दुसऱ्याचे मन ओळखण्याचा आणि उपदेशाचा. पहिल्या दोहोंत त्यांना दोष दिसतो. मनुष्याला बदलून टाकणारा उपदेशाचा चमत्कार तेवढा ते पसंत करतात.

महाराष्ट्रात ज्ञानदेव-चांगदेवांची कथा सर्वांच्या तोंडी आहे. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन चांगदेव आले आणि ज्ञानदेव भावंडांसह भिंतीवर बसून त्यांना सामोरे गेले. लोकांच्या स्मरणात भिंत राहिली. परंतु चांगदेवांना ज्ञानदेवांकडून खरोखर काय मिळाले, हे पाहिले तर हाती येतात त्या 'चांगदेव पासष्टी'च्या पासष्ट ओव्या, आणि त्यांत भिंत चालविण्याची युक्ती नाही. अद्वैताचा बोध आहे. सिद्धींनी थोर झालेला योगी ज्ञानासमोर नम्र झाला, हाच या कथेचा गाभा होय. पुढे वारकरी संतांनी दुःखी माणसाला नाम दिले, कीर्तन दिले, सोबत दिली. 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाची धग त्यांनी ओळखली होती. पण त्यांनी कोणाकडे बोट दाखविले नाही. मांत्रिकाच्या आणि संताच्या उत्तरात हा मूलभूत फरक आहे.

आजचा निकष

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. भारतातील सापांच्या सुमारे ३०० जातींपैकी बहुसंख्य बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे बहुतेक मृत्यू होतात. आणि विषारी सापदेखील प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली अनेक माणसे आपोआपच वाचतात आणि मंत्राची कीर्ती वाढते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्याचा मात्र तेथे बसण्यात मोलाचा वेळ जातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. प्रतिविषाचे इंजेक्शन उपलब्ध असताना मंत्राचा आधार घेणे म्हणजे खाडीच्या संथ पाण्यात खुल्या समुद्राचा विधी करणे होय. ट्रोब्रिअँडचा नावाडीही ते करीत नव्हता.

महाराष्ट्राचा २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. सर्पदंश, श्वानदंश वा विंचूदंश झालेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, तसेच एखाद्यावर करणी वा जादूटोणा करीत असल्याचा ठपका ठेवणे हे या कायद्याने गुन्हे ठरविले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. याच कायद्याने वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, एवढेच नव्हे तर दिवंगत संतांच्या चमत्कारकथा सांगणे यांना स्पष्टपणे मोकळीक दिली आहे. श्रद्धा ठेवण्याला कायद्याची हरकत नाही. श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याला इजा करण्याला आहे.

हा निकष बाहेरून आणलेला नाही, एवढेच या लेखात दाखवावयाचे होते. सिद्धी हे साध्य नव्हे, हे पतंजलींनी सांगितले. तिचे प्रदर्शन मांडू नये, हे बुद्धांनी सांगितले. आणि दुःखाला गुन्हेगार न शोधताही माणसाला धीर देता येतो, हे संतांनी आचरून दाखविले. म्हणून एखादी प्रथा धर्म की यातू, याचा शब्दच्छल करीत बसण्यापेक्षा तिला तीन प्रश्न विचारावेत : ही ज्ञात उपायाच्या आड येते काय? ही कोणाच्या दुःखावर कोणाचा धंदा चालविते काय? आणि ही एखाद्या निरपराध माणसाला गुन्हेगार ठरविते काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले, तर त्या प्रथेला विरोध करण्यासाठी नास्तिक असण्याची गरज नाही. आस्तिक असणे त्यासाठी पुरेसे आहे.