ऐंशी टनांचा टोला

सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभे राहिलात, तर डांबराखालची खडी काळ्या बेसॉल्टची असते. घरातली शहाबादी फरशी मात्र चुनखडकाची. रेल्वेने वाडीकडे सुमारे दीडशे किलोमीटर गेले की बेसॉल्टचा थर मागे पडतो आणि त्याखालचा चुनखडक उघडा दिसतो. शहाबाद आणि वाडी येथे सिमेंटचे कारखाने निघाले ते याच दगडावर.

सिमेंटसाठी हा दगड सुरुंगाने फोडून डंपरने क्रशरमध्ये ओततात. पण सुरुंगाला मोजमाप कळत नाही! एखादा धोंडा क्रशरच्या तोंडात आडवा अडकतो आणि मागे डंपरांची रांग लागते. मीटरभर लांब, रुंद व उंच धोंड्याचे वजन अडीच टनांहून जास्त भरते. पूर्वी अशा वेळी मजूर पहार आणि घण घेऊन त्या तोंडात उतरत. धोंडा केव्हा घसरेल याचा नेम नसे. घसरला तर हातपाय किंवा जीवच जाई.

आता पुष्कळ ठिकाणी क्रशरच्या तोंडाशीच काँक्रीटच्या पायावर एक लोखंडी हात कायमचा बसवलेला असतो. त्याला खांदा, कोपर, मनगट सारे काही आहे. स्नायूंऐवजी तेलाच्या दाबाने सरकणारे दट्टे. मनगटाला हातोडा आणि हातोड्याच्या टोकाला जाड पोलादी छिन्नी. चालक दूर केबिनमध्ये बसून हे चालवतो. काम एकाच जागचे, म्हणून याला चाके लागत नाहीत आणि तेलाचा पंप विजेच्या मोटरवर चालवता येतो.

आता थोडे गणित करू. समजा, हातोड्यातील दट्ट्या 100 किलोग्रॅमचा आहे आणि तो सेकंदाला 8 मीटर वेगाने छिन्नीवर आदळतो. त्याचा संवेग 100 × 8 = 800 एकक. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर बल 800 ÷ 0.001 = 8,00,000 न्यूटन, म्हणजे सुमारे 80 टन वजनाइतके!

मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तो लोखंडी हात 80 टनांनी उलटा का फेकला जात नाही? समजा, सेकंदाला 8 टोले पडतात. म्हणजे दट्ट्याला तो संवेग देण्यासाठी दर खेपेस सेकंदाचा आठवा भाग मिळतो. 800 ÷ 0.125 = 6,400 न्यूटन. सरासरीने जेमतेम साडेसहाशे किलोग्रॅम वजनाइतके बल झाले, आणि त्यातला मोठा वाटा हातोड्याच्या स्वतःच्या वजनातूनच मिळतो. हात सावकाश देतो, छिन्नी क्षणात खर्च करते. घरी खिळा ठोकताना आपणही हेच करतो.

खडकाची बाजूही पाहू. चुनखडक दाब पुष्कळ सोसतो, पण ताण साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. छिन्नी पाचरीसारखी शिरते, भोवतालचा दगड बाजूंना रेटला जातो आणि ताणाने भेग पडते. ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकणारा पाथरवट हे फार पूर्वीपासून जाणतो.

जाणता चालक छिन्नी दगडाच्या पृष्ठभागाशी काटकोनात धरतो आणि भेग पडेना तर जागा बदलतो. कारण छिन्नीखाली साचलेला चुरा गादीसारखा वागतो; थांबण्याचा काळ दुप्पट झाला की बल निम्मे. धोंडा फुटताच तो हातोडा बंद करतो. खाली दगड नसताना टोला पडला, तर त्यातली 3,200 ज्यूल ऊर्जा जाणार कोठे? हातोड्याच्याच पिना आणि बोल्ट ती सोसतात व तुटतात.