डोकेदुखीचे मूळ : नाक की मान?

विनयपिटकातील महावग्गात औषधोपचारांविषयीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात स्थविर पिलिंदवच्छ यांच्या मस्तकशूळाची हकिकत येते. भगवान बुद्धांनी प्रथम डोक्याला तेल लावण्याची अनुज्ञा दिली. त्याने गुण आला नाही, तेव्हा नाकात औषध सोडण्याची अनुज्ञा दिली. औषध नाकातून ओघळू लागले, म्हणून त्यासाठी खास साधन आले. त्या साधनाने औषध दोन्ही नाकपुड्यांत सारखे जाईना, म्हणून दुहेरी साधन आले. तरीही आराम पडला नाही, तेव्हा औषधी धूर घेण्यास परवानगी मिळाली.

या लहानशा हकिकतीत आम्हांस एक मोठी शिस्त दिसते. प्रत्येक उपायानंतर रुग्णास बरे वाटले की नाही, हे पाहिले गेले. बरे वाटले नाही, तर उपाय बदलला गेला. एकच उपाय वर्षानुवर्षे करीत राहण्याचा हट्ट तेथे नाही.

आज आपल्या घराघरांत डोकेदुखीला सर्रास एकच नाव दिले जाते : सायनस. कपाळ ठणकू लागले, डोळ्यांमागे जड झाले, नाक चोंदले, की बाम, वाफारा आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या, हा क्रम ठरलेला असतो. वर्षामागून वर्षे जातात, दुखणे परत परत येते. पण त्याच्या नावाविषयी शंका कोणी घेत नाही. अशा अनेकांची मानही आखडलेली असते. ते दुखणे मात्र वेगळे समजून बाजूला ठेवले जाते. या दोहोंचा संबंध काय, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

सायनस हा मुळात रोग नव्हे. तो शरीराचा भाग आहे. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकामागे खोलवर अशा हवा भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या अस्तराला सूज आली आणि स्राव आत कोंडला, की खरा सायनसचा आजार होतो. त्याची चिन्हे स्पष्ट असतात : नाक बंद होणे, घट्ट पिवळा-हिरवा स्राव, वास न येणे, चेहऱ्यावर दाब जाणवणे आणि कधी ताप. बहुतेक वेळा हा संसर्ग विषाणूंचा असतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, हे आपण सर्वांनी पक्के लक्षात ठेवावे.

परंतु ही चिन्हे नसताना महिन्यातून चार वेळा कपाळ दुखते, त्याचे काय? २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली डोकेदुखी सायनसची आहे असे मानणाऱ्या, परंतु जंतुसंसर्गाची चिन्हे नसलेल्या २,९९१ व्यक्ती त्यात तपासल्या गेल्या. त्यांपैकी ८८ टक्के व्यक्तींची लक्षणे अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या, निकषांत बसली. अर्धशिशीत नाक चोंदू शकते, नाकाडोळ्यांतून पाणीही येऊ शकते. कारण वेदनेचे चेतातंतू चेतवले गेले की नाकातील रक्तवाहिन्या आणि ग्रंथीही जाग्या होतात. हवा पालटली की काहींना अर्धशिशीचा झटकाही येतो. त्यामुळे नाकाकडे बोट दाखविणारी लक्षणे नेहमीच नाकाचा दोष सांगतात असे नाही.

आता मानेकडे वळू. कपाळ, डोळे, गाल आणि सायनसचे अस्तर यांची संवेदना ट्रायजेमिनल नावाची चेता मेंदूकडे नेते. या चेतेचे एक केंद्र मेंदूच्या तळापासून खाली मानेतील मज्जारज्जूपर्यंत उतरलेले असते. मानेच्या वरच्या तीन चेतांकडून येणारे तंतू तेथेच येऊन मिळतात. दोन गावांच्या वाटा एकाच फाट्यावर मिळाव्यात, तसे हे आहे. फाट्यावर उभ्या असलेल्याला येणारा वाटसरू कोणत्या गावाहून निघाला, हे नेमके कळत नाही. म्हणूनच मानेच्या वरच्या सांध्यांतील वा स्नायूंतील दुखणे कपाळात आणि डोळ्यामागे जाणवू शकते. हीच वाट उलट दिशेनेही चालते. अर्धशिशीच्या झटक्यात मान आखडणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. म्हणून मान दुखते एवढ्यावरून मान हेच मूळ, असा निष्कर्ष काढणे, ही पहिलीसारखीच घाई होईल.

मग ओळखावे कसे? दुखणे मानेच्या मागून सुरू होऊन पुढे येत असेल, बहुधा एकाच बाजूला राहत असेल, मान वळविल्याने वा फार वेळ एका स्थितीत ठेवल्याने वाढत असेल आणि मान त्या बाजूला पूर्ण वळत नसेल, तर मानेची तपासणी आवश्यक समजावी. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारे झटके, ही लक्षणे अर्धशिशी सुचवितात. आमची विनंती एवढीच की, दोन महिने एका वहीत नोंद ठेवावी : दुखणे कधी आले, कोठून सुरू झाले, त्याआधी काय केले होते, कोणती गोळी घेतली. ही वही डॉक्टरांना निदानात फार उपयोगी पडते. साधी वेदनाशामक गोळीही तीन महिन्यांहून अधिक काळ, दरमहा १५ किंवा त्याहून अधिक दिवस घेतली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते. वहीमुळे तेही उघड होते.

मूळ मानेत असेल, तर उपाय आहेत. मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांच्या व्यायामाचा आणि हस्तोपचाराचा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला तिच्यात आढळला. त्यातला एक व्यायाम अगदी सौम्य आहे. पाठीवर, गुडघे दुमडून निजावे. डोके न उचलता हळूच ‘हो’ म्हटल्याप्रमाणे हनुवटी खाली घ्यावी. दहा सेकंद थांबून सैल सोडावे. असे दहा वेळा करावे. चक्कर आली वा दुखणे वाढले, तर थांबावे. फिजिओथेरपिस्टकडून तो एकदा नीट शिकून घेणे उत्तम.

प्रौढ माणसाचे डोके सुमारे पाच किलो भरते. मान जितकी पुढे झुकते, तितका मागील स्नायूंवरचा भार वाढतो. आपल्यातील कित्येक मातापित्यांनी घमेली, कळश्या आणि मोळ्या डोक्यावर वाहून मुलांना शिकविले. त्यांच्या मानेने सोसले, त्याला ‘सायनस’ म्हणून गप्प करणे हा त्या कष्टांवरही अन्याय आहे. मुले जमिनीवर वही ठेवून तासन्‌तास वाकून लिहितात. त्यांना बैठे डेस्क द्यावे आणि अर्ध्या तासाने उठवावे. मोबाइल मांडीवर न धरता डोळ्यांसमोर धरावा. कपाळातील सायनस जन्मतः जवळजवळ नसतोच. तो सहा-सात वर्षांच्या वयानंतर ठळक होऊ लागतो. तेव्हा लहान मुलाचे कपाळ दुखले, तर आधी त्याची दृष्टी, झोप, जेवण आणि पाणी यांची चौकशी करावी. उकळत्या पाण्याचे भांडे मुलापुढे ठेवून वाफारा देऊ नये. भाजण्याचे अपघात त्यातूनच होतात.

केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र तत्काळ सोडावी. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना त्यामुळे इजा होऊ शकते. तापासह मान ताठ होणे, क्षणार्धात उसळलेली असह्य डोकेदुखी, डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, हातापायांतील बळ जाणे किंवा अपघातानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असेल, तर वही, व्यायाम सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे आपण या शाळेच्या प्रार्थनागृहात बालपणीच शिकलो. कारण न शोधता दुःखाला केवळ नाव देऊन मोकळे होणे, ही त्या शिकवणुकीची अर्धी वाट झाली. पिलिंदवच्छांच्या उशाशी जी शिस्त पाळली गेली, तीच आपल्या घरातही पाळू या : उपाय करावा, परिणाम पाहावा, आणि गुण येत नसेल, तर आपले निदान पुन्हा एकदा तपासून पाहण्याची तयारी ठेवावी.