गाजरगवताची खाज कशामुळे?

पावसाळा सुरू झाला की कोपरगाव परिसरात पाटाच्या कडेला, उसाच्या बांधावर, पडक्या प्लॉटमध्ये गाजरगवत माजते. त्यापाठोपाठ दवाखान्यात एक ठराविक तक्रार येऊ लागते. पापण्या सुजलेल्या, मानेची आणि कोपराच्या आतल्या बाजूची कातडी जाड, काळपट, सतत खाजणारी. रुग्ण बहुधा चाळिशी-पन्नाशीचा शेतकरी असतो. तो हमखास सांगतो, "डॉक्टर, वीस वर्षं हेच गवत उपटतोय, आताच कसं बाधलं?" प्रश्न रास्त आहे.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. 1956 च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. पुढे त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचा पहिला अभ्यासही पुण्याच्या डॉक्टरांनीच केला. दोषी द्रव्याचे नाव पार्थेनिन. पाने व फुलांवरच्या बारीक लवेत ते असते आणि वाळलेल्या गवताच्या धुळीबरोबर हवेत उडते. म्हणून गवताला हात न लावणाऱ्याचाही चेहरा सुजतो.

आता गंमत पाहा. पार्थेनिनचा रेणू अगदी चिमुकला आहे. आपल्या पांढऱ्या पेशींतील 'टी' पेशी एवढ्या लहान वस्तूला एकटी असताना ओळखतच नाहीत. पण पार्थेनिन कातडीतील प्रथिनांना घट्ट चिकटते. अशा 'कलम केलेल्या' प्रथिनाला कातडीतील पहारेकरी पेशी गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि जवळच्या गाठीत जातात. तिथे त्या आपल्या पृष्ठभागावर एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खाचेत तो तुकडा धरून 'टी' पेशींना दाखवतात. ताटात वाढून पुढे करावे तसे! हजारो 'टी' पेशींतून एखादीची रचना त्याच्याशी जुळते, ती वाढते, आणि त्या पदार्थाची आठवण शरीरात कायम राहते.

ही आठवण कधी दोन आठवड्यांत तयार होते, कधी अनेक वर्षांच्या संपर्कानंतर. वीस वर्षांचे कोडे इथे सुटते. एकदा ती झाली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत खाज सुरू. लहान रेणू प्रथिनाला जोडल्यावरच शरीराला कळतो, हे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले. रक्तगट शोधणारे तेच. पेशी एचएलएसारख्या प्रथिनांच्या जोडीनेच ओळख पटवतात, हे 1974 साली डोहर्टी व झिंकरनागेल यांनी सिद्ध केले. त्यांना 1996 चे नोबेल मिळाले.

एचएलए प्रत्येकाचे वेगळे असते. एचआयव्हीवरील अबाकाविर हे औषध एका विशिष्ट एचएलएच्या खाचेतच जाऊन बसते, आणि फक्त तसे एचएलए असलेल्यांनाच त्याची जीवघेणी प्रतिक्रिया येते. म्हणून शक्य तिथे आधी रक्ततपासणी करतात. बिब्बा, नकली दागिन्यांतील निकेल, केसांचा काळा रंग यांची खाजही गाजरगवताच्याच जातीची. पूर्वी परीट कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत, त्या जागी मानेवर चट्टा उठे.

हा रोग संसर्गजन्य नाही. घरच्यांनी ताट-पांघरूण वेगळे करण्याचा उद्योग करू नये. निदान पाठीवर पट्टी लावून 48 तासांनी पाहून होते. उपचारात स्टिरॉइड मलम असते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मोजके दिवस. मेडिकल दुकानातून मिळणारे 'खाजेचे मिश्र मलम' महिनोन्‌महिने चोळणाऱ्यांची कातडी कागदासारखी पातळ झालेली मी रोज पाहतो. आजार हट्टी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पोटातून औषध देतात, तेव्हा रक्ततपासण्या चुकवू नयेत.

बाधा झालेल्याने गवत उपटण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. ज्याला अजून बाधा नाही त्यानेही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच, फुले येण्याआधी गवत मुळासकट उपटावे. शेवंती व सूर्यफूल याच कुळातली, त्यामुळे काहींना शेवंतीच्या हारानेही गळ्याला खाज सुटते. तसे वाटले तर हार लांबूनच स्वीकारावा.